चौथ्या मजल्याची किल्ली

मरोळला, काचेच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर
मला बोलावलं होतं समतेवर बोलायला.
साडेदहा ते साडेपाच, मध्ये जेवण, दोनदा चहा,
बावीस स्लाइड, रंगीत चिठ्ठ्या, स्केचपेनं
आणि खुर्च्या गोलात,
गोलात सगळे सारखे दिसतात म्हणून.

केळशीकर साहेब आधीच म्हणाले होते,
"आमच्याकडे तसं काही नाही हो, सगळे एका घरातले."
मी मान हलवली. घराबद्दल मला थोडंफार ठाऊक आहे:
कुणाचा कप वेगळा, कुणी शेवटी जेवायचं.

हजेरीपटावर एकसष्ट नावं.
सवयीनं मी माणसं मोजते. सत्तर भरली.
"त्या नऊ जणी एजन्सीच्या," रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली,
ती छत्री आमची नाही, असं सांगावं तसं.

नऊ जणींतली एक, कुंदाताई सोनकांबळे,
सकाळी सातपासून पायांवर.
माझ्यापुढे पाण्याचा ग्लास तिनंच ठेवला
आणि मी 'अदृश्य श्रम' ही स्लाइड लावत होते,
वर पाहिलं नाही.
हे अहवालात लिहिलेलं नाही. इथं लिहिते.

चहाच्या वेळी बाथरूम विचारलं.
खिळ्यावरची किल्ली मिळाली, लाल दोऱ्यात ओवलेली,
पट्टीवर लिहिलेलं: स्टाफ.
आत फिनेलचा वास, आरसा लखलखीत,
लादी इतकी स्वच्छ की माझीच पावलं उमटली.
बाहेर कुंदाताई मॉप घेऊन उभी.
"तुम्ही नाही जात इथं?"
"आमचं खाली हाय, जनरेटरच्या मागं.
कडी लागत नाही, म्हणून दोघी-दोघी जातो."
मग, मला वाईट वाटू नये म्हणून बहुधा,
"सवय झालीय, मॅडम. पाणीच कमी पिते."

एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे,
हा दुपारचा खेळ मी घेतलाच नाही.
म्हटलं, किल्लीबद्दल बोलू.
एकसष्ट माणसं आपापल्या बुटांकडे बघू लागली.
कुणी म्हणालं, हा बिल्डिंगचा प्रश्न.
कुणी म्हणालं, एजन्सीचा.
हिशेबखात्यातल्या अफसाना मुकादमनं
नुसतं विचारलं, "कुलूप कुठल्या कंपनीचं आहे?"
सगळे हसले.
जेवण जड झालं होतं, हसू लवकर सुटलं.

चौदा शिफारशींपैकी तेरा मंजूर झाल्या.
मूल्यांचं पोस्टर लागलं, तीन भाषांत.
चौदावी विचाराधीन.

तीन महिन्यांनी पाठपुराव्याला गेले.
खिळ्यावर तीच किल्ली, तोच दोरा.
पण कुंदाताईच्या एप्रनच्या खिशात
चालताना काहीतरी किणकिणलं.
मरोळ नाक्यावर एक चावीवाला बसतो,
कानस घासून चाळीस रुपयांत डुप्लिकेट देतो.
अफसाना आपल्या खुर्चीत, मान खाली, आकडे जुळवत होती.
"कुणी करून दिली?" मी हळूच विचारलं.
"पाणी आणू?" कुंदाताई म्हणाली.
दोन ग्लास भरले. एक माझ्यापुढे ठेवला.
दुसरा तिथंच, उभ्या उभ्या,
तळापर्यंत प्यायली.

या खेपेला मी वर पाहिलं.

डुप्लिकेट म्हणजे न्याय नव्हे, कळतं मला.
उद्या कुलूप बदललं की संपलं.
संध्याकाळी केळशीकरांना पुन्हा पत्र घातलं,
शिफारस क्रमांक चौदा,
बाकी मजकूर काढून टाकून.