सात नंबरची चकती

वेर्ण्याच्या शेडमध्ये भट्टी नऊशेवर आहे.
आत बारा चकत्या, बॉयलरच्या पोलादाच्या, तारेला टांगलेल्या.
तासभर आत, दहा मिनिटं बाहेर,
पुन्हा आत. गुरुवारपासून हेच.

कायतान म्हणतो, आधी खरवडावं लागतं,
गुळगुळीत अंगावर काही धरत नाही.
खड्यांचा मारा करून त्यानं एकेकीची कातडी सोलली,
मगच बंदूक उचलली.
भुकटीत निकेल आणि ॲल्युमिनियम, पण आता दोन म्हणू नयेत:
एकमेकांत जागा ठरवून बसलेले,
इतके ठरवून की वाकवलं तर मोडतील.
ज्वाळेतून ते कण आवाजाच्या पुढे धावतात
आणि आपटून चपटे होतात,
तव्यावर पोळ्याचं पीठ पडावं तसे,
थेंबावर थेंब, तीन केसांच्या जाडीएवढे.

त्या आवाजात कायतानचा डावा कान गेला.
मी उजवीकडून बोलते,
नाहीतर आकडा लिहून दाखवते.

गंजणं म्हणजे झिजणं, असं शाळेत वाटायचं.
काट्यावर उलटं दिसतं:
धातू हवा खातो, जड होतो.
तीन नंबरला काहीच लावलं नव्हतं.
ती खाते, सोलते, पुन्हा खाते.
खालच्या बशीत काळे पापुद्रे.

सात नंबरनंही खाल्ली,
पहिल्या रात्री, घाईघाईनं.
मग अंगावर ॲल्युमिनियमचं भस्म धरलं, पातळ, राखी,
आणि त्या भस्मानंच आतून कडी लावली.
शनिवार, रविवार, चौथ्या दशांशातला आकडा
हलायचं नाव घेईना.
बाहेर झुआरीवरून खारं वारं येत होतं.
गेटच्या बिजागऱ्या आम्ही दर दोन वर्षांनी बदलतो,
त्यांचं वजन कोणी करत नाही.

सोमवारी कायताननं भोकाच्या कडेशी भिंग धरलं.
तार टेकते तिथं बंदूक पोचली नव्हती.
एक ठिपका. मोहरीएवढा. काळा.
त्यानं चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, पुन्हा पुसला.
लिही, म्हणाला, माझ्या नावानं लिही.

मी वहीत लिहिलं: सात. कड.
नावाचा रकाना अजून कोराच आहे.
भट्टीची घंटा वाजली.
त्याला ऐकू गेली नसावी,
पण दार उघडायच्या आधीच तो वळला,
गाल पुढे करून,
ऊब कुठून येते ते शोधत.