टाका

मुवैल्याच्या सुपरमार्केटबाहेर
ट्रॉल्या एकमेकींना साखळीने बांधलेल्या.
रिदाकडे एकच नाणं असतं, एक दिरहम,
त्याला ती 'ट्रॉलीची चावी' म्हणते.
"दादा, इथे टाका."

अब्बांनी आधी ते अंगठ्याने चाचपलं.
किटलीचा उठाव होता तिथेच होता.
एकोणीस वर्षांनी आलेत ते, व्हिजिटवर.

रोल्याच्या गल्लीत त्यांचं मशीन होतं.
कंदुऱ्याची शिलाई बारा दिरहम,
गळ्याला गोंडा हवा तर दीड जास्त.
बँक म्हणजे गावी निघालेला माणूस.
युनूस खलपे निघाला की आदल्या रात्री
त्याचा कोट अब्बांच्या मांडीवर.
अस्तरात नोटा, वरून हातशिलाई:
सात टाके लांब, एक आखूड, मग उलटा.
साखरतरला अम्मी कंदिलाखाली
आधी टाके मोजायची, मग नोटा.
एकदा आठवाही लांब निघाला.
ती युनूसला काही बोलली नाही.
चहा दिला, अस्तर नीट शिवून दिलं.
पुढच्या खेपेला कोट दुसऱ्याचा होता.

"म्हणजे ओटीपी," रिदा म्हणाली.
अब्बांनी कळल्यासारखी मान हलवली.

मी मधला.
शुक्रवारची एक्स्चेंजची रांग माझी,
काचेमागच्या मल्याळ्याला विचारलेला रेट माझा,
आणि चार आकडी पिन: अम्मी गेली ते साल.
आता चेहरा दाखवला की पैसे जातात,
बोटांना ते साल आठवत नाही.
सही तेवढी उरली, भाड्याच्या चार चेकांपुरती.
गेल्या वर्षी त्यातला एक परत आला,
जुळत नाही म्हणून.
काउंटरवर उभा राहून मी
कोऱ्या कागदावर स्वतःचं नाव गिरवत राहिलो.

निघताना रिदाने ट्रॉली रांगेत ढकलली,
साखळी अडकवली, नाणं टकन बाहेर.
अब्बा ते तळहातावर घेऊन उभेच.
"सव्वीस वर्षं राबलो इथे.
या मुलखात टाकलेलं परत येताना
पहिल्यांदा बघतोय."
आणि खिशात घातलं.

रात्री रिदाच्या बॅगेचा बंद सुटला.
ती नवीन मागवणार, बोट स्क्रीनवर,
तर अब्बा म्हणाले, सुई आण.
कपाटं उघडली, खण उघडले,
चार्जर निघाले सतरा.
शिंप्याच्या मुलाच्या घरात सुई नव्हती.

मग सुईच मागवली.
वीस मिनिटांत एक पोरगा घेऊन आला,
हेल्मेटखाली घामाने निथळत.
पैसे तर आधीच गेले होते,
तरी अब्बा दारापर्यंत गेले
आणि त्याच्या मुठीत काहीतरी ठेवलं.

"दादा, ती माझी चावी होती!"

अब्बांनी उत्तर दिलं नाही.
दातात दोरा होता.