नऊ करडे

क्लाक्सविकच्या बंदरात मी एकतीस वर्षं मासे कापले.
निवृत्तीच्या पैशातून आधी रंग आणले:
अठ्ठावीस नळ्या, त्यातल्या चार तर नुसत्या लालच्या.
आणि रंगवलं शेजारच्या बिल्हिल्डचं घर,
लाल छप्पर, मागे हिरवागार डोंगर.
सगळे म्हणाले, छान.

ट्रॉन्डुर काहीच म्हणाला नाही.
खिशातून फोन काढून त्यानं चित्राचा फोटो घेतला,
फोटोतला रंग उडवला,
आणि माझ्यासमोर धरला.

घर नव्हतंच.
छप्पर आणि गवत एकाच राखेत विरघळलेले,
धुक्यात मेंढरू विरघळतं तसे.
मेंढराचं निदान बें बें तरी ऐकू येतं.

"नळ्या इकडे दे," तो म्हणाला. "उन्हाळ्याच्या तोंडावर परत देतो."
बिस्किटांच्या डब्यात भरून घेऊन गेला.
मला राग आला. साठीची बाई मी,
माझी खेळणी कोण काढून घेतं?

मग हिवाळा. पाच तासांचा दिवस,
त्यातले दोन पावसाचे.
कोळशाची कांडी आणि नऊ चौकोन,
पहिला कोरा, नववा काळाकुट्ट,
मधल्या सात पायऱ्या मी भरायच्या.
सहावा आणि सातवा जुळे निघाले.
पुसले. पुन्हा जुळे.
कागदाला भोक पडलं, तरी जुळेच.

एक अंडं. मग किटली. मग गमबूट.
मग माझीच सुरी,
हाताला पाठ, डोळ्याला परकी:
तिच्या पात्यावर इतका अंधार असतो
हे मला एकतीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

"डोळे किलकिले कर," ट्रॉन्डुर म्हणायचा,
"बारीकसारीक जाऊ दे, मोठं तेवढं उरू दे."
जन्मभर वाऱ्यात डोळे किलकिलेच केले की आम्ही,
फक्त होड्या परतताना.

फेब्रुवारीत माळ्यावरून आईचा स्वेटर काढला.
न रंगवलेली लोकर, मेंढीच्याच अंगची.
खांद्यावरून उतरत जाणारे पट्टे:
दुधाळ, राखी, भिजल्या दगडाचा, काजळीचा.
ती कंदिलाशी बसून ढीग लावायची,
करड्याला तिच्याकडे इतकी नावं होती
की आम्हा भावंडांची ती कधी चुकायची, त्यांची नाही.
मला वाटे, काय हे कंटाळवाणं काम.

माझा कागद स्वेटरशेजारी ठेवला.
तिचा सहावा सहावा होता.
सातवा सातवा.

मेमध्ये डबा परत आला.
झाकण उघडलं तर लाल केवढ्यानं ओरडला,
मी दचकलेच.
तेच घर पुन्हा घेतलं, संध्याकाळचं.
ब्रश टेकण्याआधी प्रत्येक रंगाला विचारलं, तू कितवा?
छपराला जेमतेम चिमूटभर लाल पुरला.

बिल्हिल्ड आली, हात पुसत उभी राहिली.
"स्वयंपाकघरात दिवा लागलाय," म्हणाली,
"म्हणजे मी घरात होते तेव्हा."

दिवा मी रंगवला नव्हता.
तेवढा कॅनव्हास नुसता कोरा सोडलेला,
भोवतालचा काळोख मात्र मोजून मोजून भरला होता.

ती गेल्यावर टेबलाशी बसले.
अंडं अजून तिथंच आहे. हे चौथं, आधीची खाल्ली.
त्याच्या पोटाखाली सावलीत टेबलाचा उजेड परत वर चढतो,
तो मला अजून
जमत नाही.