परखी

तुर्भ्याच्या मार्केटात, मसाला गल्लीच्या शेवटच्या गाळ्यात
सत्तावीस वर्षं मी पोत्यांच्या पोटात परखी खुपसतोय.
पोकळ, टोकदार, वीतभर लांब.
खुपसायची, किंचित फिरवायची, ओढायची.
पोत्याला कळायच्या आत मूठभर जिरं तळहातावर,
आणि भोक अंगठ्याने चोळलं की ताग पुन्हा मिटतो.

लखमशीशेठ दुबईच्या पाहुण्यांना सांगायचे,
"मशीन नंतर. आधी आमचा तुळाजी."
मी डोळे मिटून गाव सांगायचो.
हे उंझ्याचं, ही सांगलीची राजापुरी,
ही ब्याडगी नव्हे, ब्याडगीच्या नावाने आलेली कुणीतरी.
कुठली वेलची भट्टीतून घाईने काढली,
कुठले धने खळ्यावर एक रात्र दवात राहिले.
पाहुणे हसायचे, सही करायचे.
मी नाकावर माशी बसू देत नसे.

गेल्या पौषात ताप आला.
चार दिवसांनी उतरला,
जाताना वास घेऊन गेला.
बायकोने लसणीची फोडणी दिली,
मला नुसती चरचर ऐकू आली.

कुणाला सांगितलं नाही.
परखी खुपसत राहिलो, नाकाशी नेत राहिलो,
क्षणभर थांबून मान हलवत राहिलो,
ठार बहिऱ्याने आरतीला टाळ्या वाजवाव्यात तसा.
पोती तुर्भ्याहून न्हावा शेव्याला जात राहिली,
कागदावर मूळ स्थान : भारत.
गावासाठी तिथे रकाना नसतो.

मग अँटवर्पहून एक कंटेनर परत आला.
एकोणीस टन जिरं, दोनदा समुद्र ओलांडलेलं,
सोबत सहा पानांचा रिपोर्ट,
कुठल्याशा औषधाचा अंश, दशांश चिन्हानंतर किती शून्यं,
आणि शेवटी निळ्या शाईत : नाकारले.

सील तुटलं. दार उघडलं.
आजूबाजूची पोरं एकदम शिंकली.
मी दोन श्वासांनंतर शिंकलो,
खोटा.

शेठ चिडले नाहीत. खांद्यावर हात ठेवून म्हणाले,
"हे कुठल्याच नाकाला कळत नसतं, तुळाजी."
मी सुटलो.
त्या रात्री मला सुटल्याचंच वाईट वाटत राहिलं.
म्हणजे नाक होतं तेव्हाही
मी काय काय पास केलं असेल?

दुसऱ्या दिवशी निवडायच्या पत्र्यावर
चांगुणेपाशी बसलो.
खडे, काड्या, उंदराच्या लेंड्या
तिची बोटं बाजूला सारतात, तिने न बघताच.
म्हटलं, "चांगुणे, मला वास येत नाही."
ती म्हणाली, "शिमग्यापासून ठाऊक आहे.
बुरशीचे धने पास केलेस तू.
आठ पोती होती. मी बाजूला काढली,
शेठला सांगितलं, उंदीर लागलेत."

मी काही बोललो नाही.
बोलण्यासारखं होतं ते घशात हिंगासारखं बसलं.

तिने चिमूटभर जिरं माझ्या मुठीत दिलं,
मूठ धरून माझ्या कानाशी नेली.
"हलव. कोरडं असलं की बोलतं.
ओलं घुम्यासारखं बसतं.
मिरचीचं बी खुळखुळलं तर ठीक, नाही तर आत बुरशी.
हळकुंडावर हळकुंड मारून बघ,
खणकन वाजलं पाहिजे, दारावरच्या कडीसारखं."
बावीस वर्षं ती हे ऐकत होती.
कुणी तिला पाहुण्यांसमोर नेलं नव्हतं.

आता मी परखी ओढतो
आणि मूठ नाकाशी न नेता कानाशी नेतो.
परवा रॉटरडॅमचा माणूस आला होता,
त्याने माझा व्हिडिओ काढला.
त्याला वाटलं, ही आमची पिढीजात विद्या.
शेठनेही तेच सांगितलं.
मी म्हणालो, विद्या तिची आहे,
आणि पत्र्याकडे बोट केलं.
दुभाष्या तेवढ्यात फोनवर होता.

चांगुणेने मान वर केली नाही.
जिऱ्यातला एक खडा उचलून
माझ्या पायावर नेमका मारला.