लांडग्याच्या नावे पावती

राजापूरच्या पुढे डांबर संपतं.
स्कूटी खडीत घसरत होती,
पेट्रोल माझ्या पगारातलं.
पिशवीत टेप, शिक्का, कोरे अर्ज
आणि डब्यात कालचीच भेंडी.

ठकूबाई बिडगर वाघरीला टेकून बसलेली.
वाघर तीन ठिकाणी निळ्या नायलॉनने शिवलेली,
चौथं भोक रात्रीचं, अजून उघडं.
किती गेली?
दोन कोकरं अन् एक गाभण मेंढी.
मढं?
मेंढीचं हाय की. कोकरं तोंडात धरून नेली.
पाव्हणा काय ताटात टाकून उठतो व्हय?

मी मानेवरचे दात मोजले.
ओल्या मातीतला ठसा मोजला, नखापासून टाचेपर्यंत.
पंच दोन : एकाचा अंगठा,
एकाची लफ्फेदार इंग्रजी सही.
मग सांगावं लागलं ते सांगितलं,
की कोकरं दिसली नाहीत
म्हणजे कागदावर ती मेलेली नाहीत.

ती हसली.
बरं झालं, म्हणाली, कागदावर तरी चरतील.

मग विचारलं तिने, न चिडता,
बाजारात भाव विचारावा तसं :
ह्याचं कोण देणार गं?

पलीकडच्या उतारावर सोलरच्या काचा
आभाळाकडे तोंड करून बसल्या होत्या.
तिथं त्याची पिल्लं व्हायची, म्हणाली,
करवंदीच्या जाळीखाली. ससे मायंदाळ.
आता तार मारली. तारेत करंट.
ते देतील?

शनिवारी नाशिकहून गाड्या येतात,
काळवीट बघायला, लांडगा दिसला तर बोनस.
एक जण हातभर कॅमेरा गळ्यात घालून म्हणाला,
आजी, नशीबवान आहात तुम्ही.
मी म्हणलं, व्हय बाबा,
पर नशिबाचा हप्ता कोण भरतं?
त्याने माझाच फोटो काढला.

सरकार देतं, आजी, मी म्हणाले,
आणि बोलता बोलता मनात हिशेब लागला :
सरकार म्हणजे माझ्या साबणावरचा कर,
तिच्या चहापत्तीवरचा, काडेपेटीवरचा.
म्हणजे तिचंच तिला,
थोडं कापून,
पुढच्या होळीपर्यंत. जमलं तर.

लांडगा मारा असं ती एकदाही म्हणाली नाही.
सासरा सांगायचा, म्हणाली,
शंभर असली तर नव्याण्णव आपली.
मोजताना एक सोडून मोजायचं.
तवा कळप तीनशेचा होता,
वर्साला तीन गेली तरी मोजणी बिघडत नव्हती.
आता चाळीस उरली.
त्याचा घास मात्र तेवढाच.
त्याला कुणी सांगितलंच नाही
आमचं कमी झाल्यालं.

मी अर्जावर तिचा अंगठा घेतला.
शाई पुसत ती म्हणाली,
पैशाचं राहू दे मागंपुढं.
मला पावती दे.
कशाची?
लिही, ठकूबाईनं लांडगा पोसला.
एकतीस वर्सं. एकटीनं.
ज्याला ज्याला तो पायजे,
त्यानं एकदा बघावी ती पावती.

नमुन्यात रकाना होता जनावराच्या जातीचा,
वयाचा, बाजारभावाचा,
बँकेच्या अकरा आकड्यांचा.
ह्याचा नव्हता.
मी कागद उलटा केला, मागे लिहिलं,
तारीख घातली, शिक्का मारला.
ऑफिसात फक्त पुढची बाजू स्कॅन होते
हे तिला सांगितलं नाही.

नातू म्हाळू काठी आडवी धरून
एकेक मेंढरू आत सोडत होता,
कुत्रं लंगडत मागे.
ठकूबाई ओठातल्या ओठात मोजत गेली,
चाळीस झाली.
थोडं थांबली, माळाकडे बघितलं
आणि म्हाळूला मोठ्याने म्हणाली :
एकुणचाळीस. लाव वाघर.