हाली

दिवसा विजेचे मीटर वाचतो जालन्यात,
संध्याकाळी दुसऱ्याच आकड्यांत शिरतो.
भांडवल सहा हजार, बोनसचं.
दुकान म्हणजे बिस्किटाचा डबा
आणि आत शोभनाच्या ब्लाउजपिसाच्या घड्या.

पहिला माल भंगारवाल्या मजीदचाचांकडून:
निजामाचे हाली रुपये, अकरा.
चांदीच्या वजनानं दिले त्यांनी, तराजूत टाकून.
घरी आणून मी चिंचेत भिजवले,
राखेनं घासले, चारमिनार लख्ख केला,
आणि औरंगाबादचा व्यापारी भिंगातून बघत म्हणाला,
"तोंडं धुतली का ह्यांची? निम्मा भाव गेला नालीत."

तेव्हापासून मळाला हात लावत नाही.
वहीत लिहितो: साल, झीज, कुणाकडून.
"अन् नफा?" शोभना विचारते.
त्या रकान्यात तिनंच एकदा
दुधाचा हिशोब लिहून टाकला.

अकरांतल्या एकाला भोक आहे, काठाजवळ.
कुणाच्या तरी पोराच्या गळ्यात असेल, काळ्या दोऱ्यात.
जो तो म्हणायचा,
हा कामून घेतला? आटवायला टाक.

परवा परभणीहून लोहगावकर आले,
रिटायर्ड कंपाउंडर, हातात कापडी पिशवी.
दहा नाणी त्यांनी बोटानं बाजूला सारली.
"भोकाचंच दे. मी तेवढीच जमवतो.
बोल, किती?"

वर्षभर पाठ केलेले भाव
जिभेवरून एकदम उतरले.
आत चहा उकळत होता.
म्हातारा नाणं डोळ्याला लावून
त्या भोकातून
माझ्याकडं बघत बसला होता.