बाइंडिंगला दिले

मागणीपत्र तीन प्रतींत.
पांढरी ग्रंथालयाला, पिवळी लेखा विभागाला,
गुलाबी माझी. तिच्यावर कार्बन इतका पुसट
की पुस्तकाचं नाव पाठ आहे म्हणूनच वाचता येतं.

जूनमध्ये भरलं होतं.
खरेदी समिती बसली दिवाळीनंतर.
तोवर रविवार कारंज्यावरच्या विक्रेत्याचं कोटेशन शिळं झालं,
आणि थेटे सर म्हणाले, पुढच्या बजेटात बघू, मॅडम,
तुम्ही असाल ना पुढच्या वर्षी?

मी तासिका तत्त्वावर.
माझ्या नावाचं कार्ड निघत नाही.
तासाचे पैसे निघतात, तेही मार्च उलटल्यावर.
शिकवायचाय गोदाखोऱ्यातला कातळ:
लाव्हाचे थर, थरांमधली लाल माती,
पाणी कुठे मुरतं, कुठे नुसतंच वाहून जातं.
अठ्ठेचाळीस पोरांत मिळून
पुस्तक एक.
तेही संदर्भ विभागात. कुलपात. देवघेव नाही.

किल्ली हिरामण गांगुर्डेंकडे.
दिंडोरीहून सकाळच्या एसटीनं येतात,
डब्यासोबत घरचं फडकं आणतात;
कॉलेजचं फडकं म्हणे धूळ नुसती हलवतं.
सातव्यांदा मी काउंटरवर गेले
तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिलं,
रजिस्टर ओढलं,
आणि दाखलअंक १४२०७ समोर
एकेक अक्षर टेकवत लिहिलं:
बाइंडिंगला दिले.

मग पुस्तक कुठेच नव्हतं.
म्हणजे खिडकीजवळच्या टेबलावर होतं,
अकरा ते एक, कालच्या पेपराखाली.
सातपूरची रात्रपाळी करून आलेला मोगल
त्याच्यावर डोकं टेकून झोपायचा
आणि उठून नेमका तिथलाच प्रश्न विचारायचा.
म्हसरूळची शबाना ट्रेसिंग पेपरवर
थर उतरवून घ्यायची, श्वास रोखून.
समासात कुणीतरी पेन्सिलनं लिहिलं:
आमच्या विहिरीला हाच थर लागला. साठ फूट.
खाली वेगळं अक्षर:
आमच्या बेचाळीसवर. पाणी नाही.
मी रागवायला हवं होतं.
मी म्हटलं, गावाचं नाव टाका. महिनाही.

फेब्रुवारीत पडताळणी आली.
चार महिने बाइंडिंग? कोण हा बाइंडर?
पंचवटीतला आहे, साहेब, गांगुर्डे म्हणाले,
म्हातारा आहे. हात कापतो.
त्याच संध्याकाळी पुस्तक पिशवीत घालून
ते पूल ओलांडून गेले
आणि तसा एक म्हातारा
खरंच शोधून काढला.

आठवड्यानं परत आलं.
काळं रेक्झिन, पाठीवर सोनेरी आकडा,
शिलाई अशी की वीस वर्षं बघायला नको.
तिन्ही बाजूंनी कटिंग. सरळ, स्वच्छ.
समास अर्धा बोट कमी.
'आमच्या विहि' एवढंच उरलेलं,
त्याखाली 'साठ फू'.

सांगायचं राहिलं त्याला, गांगुर्डे म्हणाले,
आणि बराच वेळ फडकं झटकत राहिले.
रजिस्टरमध्ये: परत आले. सुस्थितीत.

गुलाबी प्रत मी मागच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवली,
कोरी बाजू वर.
पोरांनी आठवून आठवून पुन्हा मांडलं.
अकरा विहिरी. चारांना पाणी.
मोगलनं आपल्या गावची खोली दोनदा खोडलीय,
वडिलांना फोन करून विचारतो म्हणालाय.